ओढ मरते, असे तुम्ही सांगितले होते

दाजी,

आज सकाळी तहसील कचेरीच्या आवारात आलो, टेबलावरची धूळ झटकली, टाइपरायटरवरचे फडके काढले, आणि टपरीवाल्याने न विचारता साखरेचा चहा आणून पुढे ठेवला. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "घ्या भाऊसाहेब. आता कोन इचारतंय?"

त्याच्या मनात वाईट नव्हते. तो रोज पाहत आला आहे. मी चहाचा कप उचलायचा आणि माझा फोन वाजायचा. पलीकडून, रहिमतपूरहून, साऱ्या आवाराला ऐकू जाईल असा तुमचा आवाज यायचा, "पाव्हणं, बिनसाखरेचाच हाय न्हवं?" फौजेत हवालदारकी केलेल्या माणसाला फोनवर हळू बोलता येत नाही, हे कवठे महांकाळच्या शिपायापासून वकिलापर्यंत सर्वांना ठाऊक झाले होते. तुमच्या तेराव्यानंतर आज प्रथमच कामावर बसलो आहे. फोन वाजला नाही. चहा समोर आहे. मी तो प्यालेलो नाही आणि परतही पाठवलेला नाही.

मी अर्ज लिहिणारा माणूस. हद्दीचे वाद, वारसांच्या नोंदी, अडलेली वाट, न मिळालेले पेन्शन, हे सर्व मी अशा रीतीने मांडतो की साहेबाला ते शेवटपर्यंत वाचावेच लागते. शाळा अर्धवट सुटली, तथापि माझ्या मसुद्यात चूक काढणारा वकील या तालुक्यात अद्याप निघालेला नाही. हे तुम्हीही मान्य करीत होता, हसत का होईना. आज मात्र मजकूर जुळत नाही. एक परिच्छेद लिहितो, उठतो, नळापर्यंत जाऊन येतो, पुन्हा बसतो. समोर सातबाऱ्याचे काम घेऊन एक गृहस्थ थांबले होते, त्यांना दुपारनंतर यायला सांगितले. तुमच्या नावाआधी 'कै.' लिहायला बोट त्या अक्षरावर नेले होते. दाबले नाही.

तुम्ही उसाच्या बांधावर टेकलात आणि उठला नाहीत, इतकेच अक्का फोनवर म्हणाली. अक्का माझी थोरली बहीण. आयुष्यात ती कधी एवढे थोडे बोलली नव्हती. डॉक्टरांनी नंतर हृदयाचे कारण सांगितले. मी पोहोचलो तेव्हा तुम्हाला अंगणात घेतले होते. रिवाजाप्रमाणे दोन्ही पायांचे अंगठे सुतळीने एकमेकांना बांधायचे होते, आणि ते काम माझ्याकडे आले. मी खाली बसलो. तुमचा उजवा अंगठा हातात धरला. आणि त्याच वेळी तुमचे चुलतभाऊ तात्या माझ्या डोक्यावर उभे राहून कुणाला तरी म्हणाले, "जलमभर कडू खाल्लं बिचाऱ्यानं. काय मिळालं सांगा की. आमी रोज गूळ खातूय, आमाला काय झालं?"

मी काही बोललो नाही. एरवी मी बोलल्याशिवाय राहत नाही, हे तुम्ही जाणता. मला उत्तर सुचले नव्हते असे नाही. उत्तर माझ्या हातात होते. त्याच अंगठ्याच्या जखमेला तुम्ही एक पावसाळा आणि एक हिवाळा मलमपट्टी केली होती. सातारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर भागेलच असे नाही. तुम्ही दवाखान्यातून घरी आलात आणि अक्काला म्हणालात, "ह्यो पाय फौजेत कुटं कुटं गेला, आन आता जिलेबीपायी जायाचा?" त्या दिवसापासून ताट बदलले. गोळ्या चालू होत्या, पट्टी चालू होती, आणि ताट बदलले. जखम भरत आली, नवे कातडे धरले, आणि पुढची सगळी वर्षे तुम्ही त्या पायाने उसाला पाणी पाजलेत.

काय मिळाले म्हणून तात्या विचारत होते, तेव्हा मी दोन अंगठे बांधत होतो. दोन होते म्हणून बांधता आले. हे मी तिथे म्हणायला हवे होते. म्हटले असते तर कदाचित तो प्रश्न माझ्याही मनात शिरला नसता, आणि हा चहा मी केव्हाच परत पाठवला असता.

पण मी तुमची नुसती बाजू मांडायला बसलेलो नाही. आपला एक दावा अजून चालू आहे, त्याचीही नोंद असू द्या.

अधिक महिना आठवा. धोंड्याचा महिना. जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, टॉवेल-टोपी द्यायची, मान करायचा. आई तेव्हा होती. गुडघे धरून धरून तिने पुरण वाटले होते. तुमचा अंगठा तेव्हा नुकताच बरा झाला होता आणि हे पथ्य आमच्या कानावर आले होते; पण धोंड्याच्या दिवशी कोण पथ्य धरतो, असे आम्ही धरून चाललो. तुम्ही पाटावर बसलात. आईने धोंडे वाढले, वर तूप सोडले. तुम्ही एक धोंडा उचललात, कपाळाला लावलात आणि शेजारी बसलेल्या अक्काच्या ताटात ठेवलात. मग आईला म्हणालात, "आत्या, कटाची आमटी वाढा, आन कोरभर भाकरी आसंल तर द्या."

दाजी, घरात भाकरी नव्हती. तुम्हाला हे ठाऊक नसावे. आम्ही कोरडवाहू भागातली माणसे. लहानपणी सकाळी भाकरी, रात्री भाकरी, आणि थंडीत हुलग्याचे माडगे. गहू सणाला आणि तांदूळ आजारपणाला. मी कचेरीत बसू लागलो, चार माणसे भाऊसाहेब म्हणू लागली, तेव्हा मी घरात सांगून ठेवले होते की पाहुण्यापुढे भाकरी येता कामा नये. चपाती आणि पांढरा भात. हुलगा तर मी घरातून पार हद्दपार केला होता. आमच्या मते हाच आमच्या उन्नतीचा पुरावा होता. आणि त्या उन्नतीच्या ऐन दिवशी जावयाने भाकरी मागितली.

आई रडू लागली. "जावई उपाशी उटला तर मी गावात तोंड कसं दावू?" मी उभा राहिलो. मी म्हणालो की हा धोंडा म्हणजे गोड पदार्थ नव्हे, तो आमच्या घराण्याने केलेला मान आहे, आणि तो नाकारणे म्हणजे घराणे नाकारणे आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, मिशीत हसलात आणि म्हणालात, "पाव्हणं, मान डोक्यावर घेत्यात. त्यो गिळायचा आसतो व्हय?"

मी तत्काळ उत्तर दिले, "मान कसा घ्यायचा हे घेणारा ठरवत नसतो, देणारा ठरवतो."

वाक्य चांगले होते. अजूनही मला ते चांगलेच वाटते. शेवटी शेजारच्या घरून भाकरी मागून आणावी लागली, आणि ती आणताना भिंतीआडची बाई म्हणाली, "आवं, भाऊसायबांच्यात भाकरी संपली म्हनायची!" ते मी विसरलेलो नाही. हा वाद आपण मिटवला नाही. दर भेटीत तो निघायचा, दोन्ही पक्ष आपापले म्हणणे मांडायचे आणि पुढची तारीख पडायची. आता तुम्ही हजर राहणार नाही. एकतर्फी निकाल मला नको आहे.

पुढे पाळी माझ्यावर आली. भर उन्हाळ्यात एस.टी. स्टँडवरून कचेरीकडे चालत आलो, टेबलाशी बसलो. एक म्हातारी अर्जासाठी थांबली होती. ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "भाऊसायेब, एक पायतान कुटं ठिवलंसा?" पाहतो तो उजवा पाय अनवाणी. चप्पल वाटेत कुठे तरी गळून पडली होती, आणि तापलेल्या डांबरावरून मी रुबाबात चालत आलो होतो. तळव्याला फोड आला होता. मला काही जाणवले नव्हते. मेलेल्या माणसाचा पाय जणू माझ्या गुडघ्याखाली बसवला होता. त्या क्षणी चारचौघांसमोर मी हसलो. घरी आल्यावर मात्र पाय दोन्ही हातांत धरून बसलो.

साखर निघाली. गोळ्या लागल्या. ही गोष्ट मी गुप्त ठेवण्याचे ठरवले होते, परंतु माझ्या सौभाग्यवतीने ती अक्काला कळवली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही दारात. हात हलवत. मी म्हणालो, "दाजी, रिकाम्या हाताने?" तुम्ही म्हणालात, "जोंधळ्याच्या मुलकात जोंधळा घिऊन येऊ व्हय? उटा. हुलगा कुटं मिळतो दावा."

ज्या हुलग्याला मी घराबाहेर काढले होते, त्याला तुम्ही पिशवीत घालून माझ्याच दारातून आत आणलेत. अर्धे ताट पालेभाजीचे. एक भाकरी. वाटीभर मटकी नाहीतर घेवडा. ताक. भात दिसलाच तर चवीपुरता. साखर बंद, गूळ बंद. गूळ काळा असला तरी बंद. दिवस बुडायच्या आत जेवण आणि जेवणानंतर ओढ्यापर्यंत चालणे. मी म्हणालो की हे तर गरिबाचे ताट झाले. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, तुमी सायबाचं ताट खाल्लंसा, त्येनं तुमची चप्पल नेली. आता बगू गरिबाचं काय करतंय."

आणि ताटाचे फोटो! रोज दुपारी जेवणाआधी फोनवर ताटाचा फोटो पाठवायचा, असा तुमचा हुकूम. एकदा मी पापडाखाली भात दडवला. तुमचा निरोप आला, "पापडाला पोट आल्यालं दिसतंय. उचला त्यो." काही महिन्यांनी आकडे उतरू लागले, तशी मला घाई झाली. मी म्हणालो, आता पथ्य आहे तर गोळ्या कशाला? तुम्ही केवढ्याने ओरडलात. "पथ्य गोळीचा भाऊ हाय, वारस न्हाई! भाऊ जित्ता आसताना वारसाची नोंद घालताय व्हय? डाक्टर सांगंल तवा सोडा." वारसाच्या नोंदीचा दृष्टांत मला, मीच लिहिलेल्या अर्जांवरून द्यावा, हे तुमचे धाडस मला रुचले नव्हते, पण दृष्टांत बिनचूक होता. गोळ्या मी चालू ठेवल्या. पुढे डॉक्टरांनीच त्या कमी केल्या.

एके संध्याकाळी ओढ्याच्या वाटेवर उजव्या तळव्यात काहीतरी टोचले. मी जागीच थांबलो. बाभळीचा काटा होता. मी फोन लावला, "दाजी, काटा मोडला! दुखतोय!" पलीकडून तुम्ही म्हणालात, "आबिनंदन!" वाटेने जाणारा माणूस माझ्याकडे बघत राहिला. काटा मोडल्याचा एवढा आनंद त्याने पाहिला नसावा.

हे सर्व खरे. परंतु ज्या एका गोष्टीने मला आज बसू दिलेले नाही, ती वेगळी आहे.

सुरुवातीच्याच दिवसांत मी तुम्हाला विचारले होते, "दाजी, गोडाची आठवण येते हो. कचेरीत पेढे आले की माझा मसुदा चुकतो. ही ओढ किती दिवस राहते?" तुम्ही खात्रीने सांगितलेत, "मरती. थोडं दीस कळ काडा. माजी तर कवाच मेली. आता जिलेबी बगितली काय आन दगुड बगितला काय, सारकंच."

मी त्या वाक्यावर पथ्य केले. दाजी, मी वाट पाहिली. सणामागून सण गेले, माझी ओढ मरेना. दिवाळीत करंजीचा वास आला की मी अंगणात जाऊन उभा राही. लग्नात श्रीखंडाची वाटी समोरून गेली की यजमानाशी चाललेले माझे बोलणे तुटे. मी दर वेळी तुमच्याकडे बघे, आणि तुम्ही शांत. मला वाटे, या माणसाने जिंकले आहे आणि माझ्यात काही खोट आहे. मी कधी बोललो नाही. उलट एकदा तुम्ही विचारलेत तेव्हा मी ठणकावून सांगितले, "माझीही मेली." तुम्ही "शाबास" म्हणालात आणि पान जुळवू लागलात. काथ-चुन्याचे, बिनगुलकंदाचे.

म्हणून तुम्ही गेलात त्या दिवसापासून माझ्या मनात तात्यांचाच प्रश्न फिरत होता. तुम्हाला ओढ नव्हती, तरी तुम्ही गेलात. मला ओढ आहे, आणि आता विचारणाराही नाही. मग मी कशासाठी? ताटाचा फोटो रोज काढत होतो. हाताला सवय. पाठवायच्या जागी बोट जाऊन थांबायचे.

तेराव्याला बुंदी होती. तुमच्याकडचा रिवाज असा की सासुरवाडीच्या माणसाने गोड घास घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही, दुखवटा सुटत नाही. पानावर बुंदीचा लाडू आला. शेजारी तात्या. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. तात्या म्हणाले, "घ्या पाव्हणं. गोड झाल्याबिगर कसं? आन आता हवालदार थोडाच फोन करनार हाय!"

दाजी, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी तुमच्या पाटावर बसलो आहे. जणू धोंड्याच्या दिवशीचा, आईच्या घरातला तोच पाट. देणारे दुसरे आणि घेणारा मी. लाडूला तुपाचा वास होता आणि मला तो हवा होता. खोटे लिहिणार नाही. मी लाडू उचलला. कपाळाला लावला. आणि तात्यांच्या पानात ठेवला.

"ह्ये काय?" तात्या म्हणाले.

"मान डोक्यावर घेतला," मी म्हणालो.

तात्यांनी लाडवाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता कडाक्याचे भांडण होणार. मी मनात दोन मुद्दे तयारही केले. पण तात्यांचे तोंड वाकडे झाले आणि डोळ्यांतून पाणी आले. "त्येची बोली हाय ही," ते म्हणाले, "माज्या पोराच्या लग्नात बी आसंच केल्तं." मग त्यांनी तो लाडू फोडला आणि खाल्ला, आणि पंगत जेवू लागली.

वाद मिटला असे मात्र समजू नका. तात्या चांगले म्हणून निभावले. देणाऱ्याचे म्हणणे काही खोटे नव्हते.

जेवणे आटोपल्यावर मी मागच्या दारी गेलो. अक्का भांड्यांपाशी बसली होती. तिने मला ताक दिले आणि म्हणाली, "दत्ता, लाडू खायाचा हुता की रं एक. एकानं काय हुतंय?"

मी म्हणालो, "अक्का, तुला काय सांगू. दाजींची ओढ मेली होती. माझी मेलेली नाही. मी रोज लढतो."

ती हातातले भांडे तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. "कोन म्हनलं मेली हुती?"

"दाजी."

"आरं देवा." ती हसली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "बाजारच्या दिशी जिलेबीच्या कढईपाशी हुबं ऱ्हायचं. भाजीची पिशवी हातात, आन नजर कढईत. मी म्हनायची, चला. तर माज्याकडं बगून हसायचं, म्हनायचं, 'थांब जरा, वास तर घिऊ दे, वासाला पथ्य न्हाई.' गुऱ्हाळ सुरू झालं की खिडक्या लावून घ्याला लावायचं मला. ताजा गूळ निघतोय म्हनून. शेवटच्या सालापत्तोर लावल्यात मी खिडक्या. मेली म्हनं."

"मग मला का सांगितले मेली म्हणून?"

"तुला खरं सांगितलं आसतं तर तू दुसऱ्या दिशी सोडलं आसतंस. तुला काय मी वळखत न्हाई व्हय?" मग तिने भांडे खाली ठेवले. "आन तू मेली म्हनलास त्या दिशी घरी येऊन काय म्हनलं म्हाईत हाय? म्हनलं, 'दत्ता आमच्या फुडं गेला. त्येची खरंच मेली.' लय कौतिक वाटलं हुतं त्यास्नी तुजं."

दाजी, मी तिथून उठलो आणि तुमच्या उसापर्यंत चालत गेलो. तुम्ही जिथे टेकला होता, त्या बांधावर काही मी बसलो नाही. मला तुमचा राग आला होता. इतकी वर्षे तुम्ही मला खोट्या साक्षीवर चालवलेत. मी माझ्यात खोट शोधत होतो आणि तुम्ही खिडक्या लावून घेत होता. दोघे एकमेकांकडे बघून मनात म्हणत होतो की हा जिंकला. लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसून, श्रीखंडाकडे न बघता! एकदा तरी बोलायचे होते. हसलो असतो दोघे.

मग राग ओसरला असे मी लिहिणार होतो, कारण अशा लेखात तसे लिहितात. तो पूर्ण ओसरलेला नाही. पण एवढे मला समजले आहे की ज्याला मी तुमचा विजय समजत होतो, तो विजय नव्हताच. तुम्ही रोज सकाळी नव्याने सुरुवात करत होता. माझ्यासारखीच. आणि ज्या दिवशी बांधावर टेकलात, त्या दिवशीही तुम्हाला जिलेबी हवीच असणार, आणि तुमच्या दोन्ही पायांना दोन्ही अंगठे होते.

हे लिहीपर्यंत दुपार झाली. सातबाऱ्याचे गृहस्थ परत आले आहेत आणि माझ्या मागे उभे राहून, आपलाच अर्ज टाइप होतो आहे असे समजून, कौतुकाने बघत आहेत. चहावर साय धरली आहे. मला तो अजूनही हवा आहे, दाजी. गार झालेला, साय धरलेला, तरी हवा आहे. हे प्रथमच तुम्हाला खरे सांगतो आहे.

टपरीवाला रिकामे कप गोळा करत आला. माझ्या कपाकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो तर हाय तसाच. गार झाला. बदलून आनू?"

मी म्हणालो, "आण. बिनसाखरेचा."